मदत हवी आहे : मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढताना जखमी तेवढे निसटतात का?

नमस्कार मंडळी,
उंदराच्या वेगळ्या काढलेल्या हृदयावर काम करतोय. हृदयातून जाणारा द्रवाचा प्रवाह थांबवून पुन्हा सुरू केला की पहिल्या काही मिनिटांतच मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) पडद्यातलं छिद्र उघडतं: आम्लता झपाट्याने ओसरते, कॅल्शियम साचलेलं असतं, आणि साठलेलं सक्सिनेट जळताना ऑक्सिजनचे घातक रेणू सुटतात. म्हणून हे छिद्र रोखणारं सायक्लोस्पोरिन हे औषध प्रवाह सुरू होतानाच देतोय.

टीटीसीने (जिवंत ऊती लाल करणाऱ्या रंगाने) रंगवलेल्या हृदयाच्या कापांत मेलेला फिकट भाग स्पष्ट कमी दिसतो. पण मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढून मोजलं की फरकच नाही! कॅल्शियमची प्रत्येक मात्रा घातली की बाहेरच्या द्रावणातल्या, कॅल्शियम दाखवणाऱ्या रंगाची चमक वर जाते, ते मायटोकॉन्ड्रियाच्या आत ओढलं गेलं की खाली येते. शेवटी छिद्र उघडतं आणि चमक वरच राहते. तो क्षण औषध दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांत जवळपास सारख्याच मात्रेला येतो.

मला दाट शंका आहे की सर्वाधिक जखमी मायटोकॉन्ड्रिया ऊती वाटून बारीक करतानाच फुटतात आणि सेंट्रिफ्यूजच्या तळाशी फक्त धडधाकट उरतात. की धुताना औषधच निघून जातं? सॅपोनिन या रसायनाने पेशीपडदा सच्छिद्र केलेल्या स्नायुतंतूंवर ही मोजणी कुणी केली आहे का? वेगळे काढायचेच असतील, तर तंतूंमधले आणि पेशीपडद्यालगतचे स्वतंत्र मोजावेत का?

2008 मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या 58 रुग्णांवरच्या चाचणीत सायक्लोस्पोरिनने आशा दाखवली, 2015 मध्ये 970 रुग्णांवर ती टिकली नाही. म्हणूनच छिद्र खरोखर रोखलं गेलं का, हे थेट मोजायची तळमळ आहे. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.