पहिली ट्रायथलॉन करायची आहे, पळता येतं, सायकल चालते, पोहण्यात गाडी अडलीय... मदत हवी

घाटवाली:
नमस्कार मंडळी, जुने धागे चाळून झाले पण सगळे आयर्नमॅनवाल्यांचे निघाले, पहाटे चारला उठून शंभर-शंभर किलोमीटर सायकल वगैरे, ते वाचून मीच घाबरले म्हणून नवीन धागा काढतेय.

मी साताऱ्याची, वय ३९, बँकेत नोकरी, मुलगा सातवीत. पळणं बऱ्यापैकी जमतं, सातारा हिल हाफ मॅरेथॉन केलीय, यवतेश्वरचा घाट चढताना सगळे देव आठवले पण केली (वेळ विचारू नये). आता डोक्यात ट्रायथलॉनचं खूळ शिरलंय. गोव्याची ती मिरामारची मोठी नाही हो, साधी स्प्रिंट, ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. कोल्हापूरला राजाराम तलावात पोहायला लावतात तसली एखादी. हातात तीन-साडेतीन महिने आहेत.

पळण्याचं टेन्शन नाही. सायकल हायब्रिड आहे (रेसच्या रोडबाइक आणि माउंटन बाइकच्या मधली), गिअरची, सुट्टीच्या दिवशी लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीपर्यंत जाऊन येते, येऊन-जाऊन तीसेक किलोमीटर होतात. घोडं अडलंय ते पोहण्यात. आणि गंमत म्हणजे मला पोहता येतं! आजोळी विहिरीत शिकलेय, पाठीला डबा बांधून, मग एक दिवस मामाने डबा सोडला आणि दिलं ढकलून, सगळ्यांना असंच शिकवतात तसं. आजही वरून उडी टाकेन, तासभर तरंगत गप्पा मारेन. पण ते सगळं डोकं वर काढून. इथं तरणतलावावर जाऊन तोंड पाण्यात घालून फ्रीस्टाइल करायला गेलं की २५ मीटरचा एक लॅप होतो, दुसऱ्याला धाप लागते, तिसरा होतच नाही, काठ धरून उभी. ७५० म्हणजे असले ३० लॅप! घाटात पळताना लागत नाही एवढी धाप लागते हो, हे काय गौडबंगाल आहे? माझा दम कमी आहे की वय झालं?

शिवाय लेडीज बॅच ४५ मिनिटांचीच आहे, त्यातली पहिली पाच-दहा मिनिटं शॉवर आणि टोपी घालण्यात जातात. कोच आहेत पण ते लहान मुलांच्या मागे, मला म्हणाले "तुम्हाला येतंय की पोहायला". तर तीन महिन्यांत होईल का, डोकं वर काढून पोहलं तर चालतं का, सायकल नवीन घ्यावी का, आणि कपड्यांचं काय करतात (पोहून ओल्या अंगाने सायकलवर?) हे कुणीतरी नीट सांगा.

पाणकावळा:
घाटवाली ताई, दम अजिबात कमी नाहीये तुमचा. तुम्ही श्वास सोडत नाही आहात, पैज लावतो. तोंड पाण्यात गेलं की नवीन माणूस श्वास कोंडून धरतो, मग मान वळवली की त्या अर्ध्या सेकंदात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, दोन्ही अर्धवट होतं. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि जीव घाबरा होतो. ऑक्सिजन भरपूर असतो अंगात, तरी वाटतं की मेलो आता. म्हणून २१ किलोमीटर पळणारा माणूस २५ मीटरमध्ये गार होतो, रोज बघतो मी तलावावर, मॅरेथॉनवाले तर जास्तच कारण त्यांना जोर लावायची सवय.

पहिला आठवडा पोहूच नका. उथळ बाजूला दांडी धरून उभं राहा, तोंड पाण्यात घाला आणि नाकातून हूंऽऽ करत बुडबुडे सोडत राहा, सगळा श्वास गेला की मान एका कुशीला वळवा, एक कान पाण्यातच, गॉगलची एक काचही पाण्यातच, तोंडाच्या कोपऱ्यातून श्वास घ्या, परत आत. कंटाळा येईपर्यंत करा. मुलं हसतील, हसू दे.

दुसरं, डोकं. विहिरीत डोकं वर ठेवायची सवय लागते कारण कोण कुठून उडी टाकेल सांगता येत नाही. पण डोकं वर आलं की कंबर खाली जाते, पाय नांगरासारखे खाली लोंबतात आणि मग तुम्ही पाणी ओढत नाही, स्वतःलाच ओढताय. नजर सरळ तळाच्या फरशीकडे, मान सैल. पायही कमी मारा. पळणाऱ्यांचे घोटे ताठ असतात, गुडघ्यातून लाथा मारतात, त्याने पुढे काही जात नाही, नुसता दम जातो. एकदा घरच्या कुणाला तरी काठावरून बाजूने मोबाइलवर शूटिंग करायला सांगा (तलावाच्या ऑफिसात विचारून, लेडीज बॅचला बहुतेक नाहीच म्हणतील, मग कोचलाच बघायला सांगा). स्वतःला बघितलं की अर्धं कळतं.

मग २५ मीटर, काठाला पंधरा-वीस सेकंद थांबा, परत २५. इतकं सावकाश की लाज वाटली पाहिजे. थांबणं हळूहळू कमी करत न्यायचं, मग पन्नास-पन्नास, मग शंभर. ४५ मिनिटं पुरतात. आठवड्यातून तीन-चार वेळा ४५ मिनिटं हे रविवारी एकदम दोन तासांपेक्षा कधीही भारी, पाण्याची सवय अंगाला रोज थोडी थोडी लागते.

आणि हो, कुठलाही स्ट्रोक चालतो. ब्रेस्टस्ट्रोक करा, उताणं पडून आकाश बघा, सगळं नियमात बसतं. फक्त सगळं अंतर डोकं वर काढून मारलंत तर सायकलवर बसताना मान आणि खांदे भरलेले असतील.

वेगवान_वसंता:
सायकल बदला. हायब्रिडवर रेस म्हणजे वेळ वाया. साठ-सत्तर हजारांत चांगली रोडबाइक येते, क्लीट पेडल (बूट पेडलला अडकून बसतो ते) टाका, फरक बघा.

घाटवाली:
वसंतराव, साठ हजार म्हटल्यावर घरात ट्रायथलॉनच्या आधी दुसरीच रेस सुरू होईल :) पाणकावळा, कालच दांडी धरून बुडबुडे सोडून आले. शेजारच्या काकूंनी विचारलं सर्दी झालीय का.

पंक्चरवाला_मास्तर:
वसंता, पहिल्याच स्प्रिंटला कुणी रोडबाइक घ्यायला लावतं का राव. हिशोब करा, ताशी २२ ने २० किलोमीटरला साधारण ५५ मिनिटं, ताशी २५ ने ४८. म्हणजे सहा-सात मिनिटांसाठी साठ हजार. ताईंना पोडियमवर जायचं नाहीये. आवडलं तर पुढच्या वर्षी घ्या, तेव्हा काय घ्यायचं ते पण कळलेलं असेल. क्लीट तर नकोच आत्ता, सिग्नलला पाय निघत नाही आणि माणूस उभ्या उभ्या आडवा होतो.

आहे त्या सायकलचं एवढं करा. सीटची उंची बघा, टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं की पाय सरळ व्हायला पाहिजे, मग चालवताना पंजा ठेवला की गुडघ्यात हलका बाक येतो. आपल्याकडे निम्म्या लोकांची सीट खाली असते आणि मग म्हणतात गुडघा दुखतो. टायरवर बाजूला हवेचा आकडा छापलेला असतो, त्याच्या हद्दीत बऱ्यापैकी टाईट हवा भरा. ब्रेकपॅड बघा, चेन पुसून तेल. आणि पंक्चर स्वतः काढायला, खरं तर ट्यूब बदलायला शिका, मागच्या चाकाची, कारण पंक्चर मागचंच होतं. रेसमध्ये बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर बाद करू शकतात. घरी अंगणात दोनदा-तीनदा बदलून बघा, टीव्ही बघत बघत.

चालवताना जड गिअर लावून रेटू नका. हलका गिअर, पाय मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा फिरले पाहिजेत, मांड्या शाबूत राहतात. कारण नंतर पळायचंय! त्यासाठी आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्या उतरल्या, चहा न पिता, शूज बदलून दहा-पंधरा मिनिटं पळा. ह्याला ब्रिक म्हणतात. पहिल्यांदा वाटेल की हे पाय दुसऱ्याच कुणाचे आहेत, घाबरू नका, दहा मिनिटांत आपले होतात. तुम्ही नुसत्या पळणाऱ्या आहात म्हणून सांगतो, पहिलं किलोमीटर मुद्दाम हळू, नेहमीच्या स्पीडने सुटलात तर तिसऱ्या किलोमीटरला बसाल.

हायवेला नका जाऊ फक्त, सर्व्हिस रोडला पण उलट्या दिशेने ट्रॅक्टर येतात. मागे लाल ब्लिंकर दिवसासुद्धा चालू ठेवा.

मासोळी:
घाटवाली, कपड्यांचं मी सांगते कारण हे पुरुष सांगणार नाहीत. ट्रायसूट मिळतो, एकच कपडा, त्यात पातळ पॅड असतं जे पाणी धरून ठेवत नाही, त्यातच पोहायचं, सायकल, पळायचं, सगळं. अंगावर वाळतो. घ्यायचा नसेल तर गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा सूट, आत स्पोर्ट्स ब्रा, आणि बाहेर आल्यावर वरून टी-शर्ट आणि सायकलिंग शॉर्ट चढवायची. ओल्या अंगावर शॉर्ट चढत नाही, गुंडाळी होते, म्हणून थोडी सैल घ्या. तिथं उघड्यावर कपडे बदलायला नियमाने बंदी असते, आपल्यालाही बरंच. काखेत, मानेला, मांड्यांना व्हॅसलीन भरपूर. पहिल्यांदा मी मानेला लावलं नव्हतं, आठवडाभर ओढणी टेकवत नव्हते.

पाळी त्याच तारखेला आली तर? येऊ शकते, माझी आलीय. मेन्स्ट्रुअल कपची सवय आत्तापासून करून ठेवा, पोहायला जाताना दोन-तीन महिने वापरून बघा, ऐनवेळी पहिल्यांदा नको. तारखा पुढं ढकलायच्या गोळ्या मनाने घेऊ नका, डॉक्टरला विचारल्याशिवाय तर नाहीच.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घ्यायची आणि नंतर ठेवून पळायला निघायचं त्या जागेत, सगळ्या बाया-बाप्यांची एकच घाई असते, तिथं एकच लक्षात ठेवायचं, हेल्मेट आधी. डोक्यावर घालून बक्कल लावायचं मगच सायकलला हात. परत आल्यावर उलटं, सायकल स्टँडला लावायची मगच बक्कल काढायचं. ह्यावरून लोकांना पेनल्टी बसते. आणि सायकल आखलेल्या रेषेच्या पुढं गेल्यावरच चढायचं.

घाटवाली:
बापरे किती छान सांगताय सगळे. मासोळी, खूप खूप आभार, कपचं मला सुचलंच नव्हतं.

रिपोर्ट देते. महिना होऊन गेला. श्वासाचंच होतं!! एक दिवस अचानक लॅप संपला आणि काठ धरावासा वाटला नाही, वळून परत आले. आता शंभर-शंभर करत थांबत थांबत ७५० पूर्ण होतं, कासवाच्या वर जरा. ब्रिक पण चालू आहे, पाय दुसऱ्याचे हे अगदी खरं. आठवडा असा बसवलाय की पोहणं तीनदा, सायकल दोनदा, पळणं दोनदा त्यातलं एक ब्रिकमध्येच, सोमवारी काही नाही कारण सोमवारी बँकेत मरणाची गर्दी असते.

आता नवीन दुखणं. तलावात तळाला निळी फरशी दिसते, रेघ दिसते. उघड्या पाण्यात? मागच्या आठवड्यात ओळखीच्या ग्रुपबरोबर एका तळ्यात उतरले, हिरवंगार पाणी, स्वतःचा हात दिसेना, आणि काही कारण नसताना छातीत धडधड. विहिरीत पण तळ कुठं दिसायचा, तिथं कधी भीती वाटली नाही, मग इथं का? परत डोकं वर काढून पोहायला लागले.

पाणकावळा:
विहिरीला चारी बाजूंनी दगड दिसतात आणि मामा असतो. इथं काठ लांब, म्हणून. होतं सगळ्यांना, चांगल्या चांगल्या पोहणाऱ्यांना होतं. उतरल्यावर लगेच सुटू नका, काठाजवळ दोन मिनिटं तोंड पाण्यात घालून तेच बुडबुडे, श्वास शांत झाला की मग. धडधड वाढली की उताणं व्हा. डोकं वर काढून नाही, उताणं.

दिशा बघायची पण सवय लागते. सात-आठ हातांनंतर एकदा फक्त डोळे पाण्याच्या वर, बोया (मार्ग दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेली खूण) दिसला की परत खाली, श्वास नेहमीसारखा कुशीलाच. बोया लहान असतो, त्याच्या मागचं झाड किंवा इमारत आधीच हेरून ठेवा. स्टार्टला मध्ये घुसू नका, मागे आणि कडेला थांबा, पुढच्यांना अर्धा मिनिट जाऊ दे, नाहीतर लाथा बसतात, गॉगल निघतो. आणि कयाकवाले (छोट्या होडीतले मदतनीस) असतात त्यांना हात केला की येतात, कयाक धरून विश्रांती घेतलेली चालते, बाद करत नाहीत, फक्त कयाक पुढं गेली नाही पाहिजे. हे माहीत असलं की निम्मी भीती जाते.

पण एकटीने कुठल्याही तळ्यात, धरणात उतरायचं नाही. कितीही येत असलं तरी. कंबरेला बांधायचा केशरी फुगा घ्या, सोबत पोहणारा माणूस पाहिजेच, आणि पावसाळ्यात नदीचं तर नावच काढू नका. बाकी एकदा ईसीजी आणि बीपी करून घ्या, चाळिशीला आलोय आपण, धडधड पाण्याबाहेर पण होत असेल तर डॉक्टर आधी, ट्रायथलॉन नंतर.

घाटवाली:
ईसीजी काढला, नॉर्मल आहे. फुगा मागवलाय. येत्या रविवारी परत त्याच तळ्यात जाणार, ह्यावेळी दोन मिनिटं बुडबुडे आधी.

मास्तर, अजून एक बारीक शंका, रेसच्या सकाळी खायचं काय? आणि नंबर कुठं लावतात, पोहताना भिजून फाटत नाही का?

पंक्चरवाला_मास्तर:
सुरू व्हायच्या दोन-अडीच तास आधी जे रोज पचतं ते, थोडं. केळं, ब्रेड-जॅम, थोडे पोहे. तेलकट नको, दूध नको. एवढ्या छोट्या रेसला जेलबिल लागत नाही, सायकलच्या बाटलीत लिंबू-मीठ-साखर, घोट घोट. एका हाताने बाटली काढून परत ठेवायची प्रॅक्टिस मात्र करा, लोक तिथंच पडतात.

नंबर पोहताना लावायचाच नाही, इलॅस्टिकचा बेल्ट मिळतो, नंबर त्याला लावून सायकलजवळ ठेवायचा. सायकलवर पाठीमागे, पळताना फिरवून पुढे. बेल्ट नसेल तर परकराचं इलॅस्टिक आणि दोन सेफ्टीपिना, आमच्या सौ.नी शिवून दिलाय, तोच वापरतो.

मासोळी:
मास्तर, फोटो टाका त्या बेल्टचा.