सोलर फ्लेअर: ज्वाला, भडका की अजून काय?

शाळेतल्या पोरांसाठी सूर्याचा तक्ता करायलोय. पुस्तकात सोलर फ्लेअरला, म्हणजे सूर्यावर अचानक ऊर्जा उसळते त्याला, सौरज्वाला दिलंय, पण तिथं जळतंय काय? आणि ते सुरू करणाऱ्या ट्रिगरला काय लिहू, ठिणगी चालंल का?

— ठिणगी नको भावा, ठिणगी म्हटलं की जाळ आलाच. सौरडागात, म्हणजे सूर्यावरच्या काळ्या डागात, चुंबकीय क्षेत्र २-३ हजार गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं माप) असतंय, इथं कोल्हापुरात अर्धा गॉस पण भरत नाही. त्या क्षेत्ररेषा पिळवटतात, त्यात ऊर्जा साचत जाते आणि उलट दिशेच्या रेषा भिडल्या की तुटून नव्यानं जोडल्या जातात, त्यात काही मिनिटांत सगळं बाहेर. मी भडका म्हणतो. भांडणाचा भडका उडतोच की, तिथं कुठं रॉकेल लागतंय!

— भडका झकास, पण तक्त्यात ज्वालाच ठेवा ओ सर. पोरांचे मार्क जातील.

— माझ्या मते खरा शब्द पीळ. आमचे आजोबा दारात बसून चऱ्हाट वळायचे, एक टोक मी धरायचो. पेडाला पीळ जरा जास्त झाला की दोर मधनंच वर उचलायचा आणि स्वतःभोवतीच वेटोळं घ्यायचा, कुणी हात लावायलाच नको. सूर्यावरचे फ्लक्स रोप, म्हणजे पिळलेल्या क्षेत्ररेषांचे दोर, कधी कधी असेच उसळतात. म्हणून ट्रिगरला ‘निमित्त’ म्हणा. पीळ आधीच भरलेला असतोय, चुंबकाच्या उत्तर आणि दक्षिण टोकांसारखे उलट डाग जिथं खेटून असतात तिथं खालनं एखादं छोटं नवं क्षेत्र वर आलं तरी पुरतं.

— काका, मग ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ हे इथं अक्षरशः खरं की! ऊर्जा उधळली तरी एकूण पीळ जवळजवळ तेवढाच राहतो, आणि कधी कधी प्लाझ्माचा (विद्युतभारित तप्त वायूचा) ढग तो पीळ बरोबर घेऊनच सुटतो. मे २०२४ मध्ये असे ढग पृथ्वीवर आदळले तेव्हा लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालेलं.

— नाद खुळा! तर ठरलं, वर सौरज्वाला, ट्रिगरला निमित्त, आणि पोरांच्या हातात खराखुरा सुंभ देतो पिळायला. फक्त आता हे सुंभ मिळंल कुठं, लक्ष्मीपुरीत बघू काय?