३० किमीनंतर पाय संपतात – दुसऱ्या फुल मॅरेथॉनसाठी मदत हवी आहे

पांदणरस्ता

नमस्कार मंडळी. धावण्यावरचे जुने धागे वाचून वाचूनच मी पळायला लागलो, आता विचारायची पाळी माझी. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

वय ३९, वजन ७४. वर्धा जिल्ह्यात देवळीच्या पुढे गाव. घरची सात एकर, कपाशी-तूर आणि ओलिताचा हरभरा. शिवाय गावात छोटं कृषी केंद्र. धावायला लागून साडेतीन वर्षं झाली. आमच्याकडे रस्त्यावर पळणारा माणूस म्हणजे पोलीस भरतीवाला, नाहीतर अग्निवीरवाला. माझे पांढरे केस दिसत असूनही पारावरचे काकाजी विचारतातच, "काहो, कोन्ती भरती हाय आता?" भरतीच्या पोरांचं सोळाशे मीटर असतं, पाच-साडेपाच मिनिटांत विषय संपतो. मी निघाल्यावर अडीच तासांनी परत येतो, तेव्हा त्यांना वाटतं हा वाट चुकला होता.

नागपूरला तीन हाफ (२१ किमी) केल्या, त्यातली सगळ्यात चांगली २ तास ६ मिनिटांची. त्या जोरावर गेल्या जानेवारीत मुंबईची फुल (४२ किमी) पळालो. ठरवलं होतं साडेचार तास. लागले ५ तास १८ मिनिटं. नुसता वेळ वाढला असता तर वाईट वाटलं नसतं. वाईट वाटलं ते ज्या तऱ्हेने वाढला त्याचं. घड्याळातले आकडे असे आहेत: अर्धं अंतर २:०५, ३० किमी ३:०५, आणि उरलेल्या बारा किमीला २ तास १३ मिनिटं. बैल बसतो ना भर तासात, मग शेपटी पिरगाळा नाहीतर पाया पडा, तसे पाय बसले. ३१ च्या पाटीजवळ उजव्या पोटरीत गोळा चढला, मग डाव्या. पेडर रोडच्या चढाला तर मी कठडा धरून उभा होतो. एक आजी घरून आणलेली संत्र्याची फोड पुढे करून म्हणाल्या, "घे रे बाळा." संत्रं आमच्याकडचंच असणार, पण त्या दिवशी रडूच आलं. शेवटी कसाबसा चालत-पळत पोचलो. टोपी काढली तर कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती, वाळलेल्या खारवट जमिनीसारखी.

तयारी केली नव्हती असं नाही. १६ आठवडे, आठवड्यातून चार दिवस, ४०-४५ किमी. रविवारी लाँग रन, सगळ्यात मोठी २८ किमी, २ तास ५५ मिनिटांत. ही डिसेंबरात झाली तेव्हा फार छान वाटलं होतं. पाणी प्रत्येक टेबलावर न चुकता प्यायलो. खाल्लं मात्र उशिरा, २५ नंतर एक केळं आणि दोन चिक्क्या.

आता अडचणी. पहिली लाईनची, म्हणजे शेतीच्या विजेची. थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. नोव्हेंबर-डिसेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे रात्री दोनला उठून स्प्रिंकलरचे पाइप बदला. थंडीत ते ओले पाइप खांद्यावरून नेताना बोटं बधिर होतात. चारला घरी येऊन पडायचं आणि साडेपाचला पळायला निघायचं. त्या आठवड्यात लाँग रन करावी की सोडावी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. दुसरी अडचण चढाची. चढ नावाचा प्रकार आमच्याकडे हायवेच्या पुलापुरताच. बाकी सगळं तव्यासारखं सपाट. तिसरी, पांदण, म्हणजे शेतात जायचा कच्चा रस्ता. पावसाळ्यात काळी माती अशी चिकटते की एकेक बूट किलोभराचा होतो, म्हणून डांबरी रस्ता, आणि डांबरीने नडगी दुखते. (भरतीची पोरं सांगतात अनवाणी पळा. अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी धावून जिंकला हे मलाही ठाऊक आहे. पण रोमच्या रस्त्यावर बाभळीचे काटे नसतील.)

येत्या जानेवारीत परत जायचंय. पोळ्यापासून धरले तर वीसेक आठवडे मिळतात. माझं चुकलं कुठे, आणि आता काय बदलू? मीठ कमी पडलं, सराव कमी पडला, की माझ्या शरीरालाच हे अंतर झेपत नाही? रोखठोक सांगा.

---

घाटवाट

दादा, रोखठोक मागितलंत म्हणून देतो. तुमच्याच पोस्टमध्ये उत्तर आहे. तुमची आयुष्यातली सगळ्यात जलद हाफ २:०६. आणि फुलमध्ये पहिलं अर्धं अंतर तुम्ही २:०५ मध्ये कापलं. म्हणजे स्वतःचा विक्रम मोडला आणि वर आणखी एक हाफ पळायला निघालात. साडेचार तासांचा पेस (वेग) किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद येतो, तुम्ही ५:५५ ने गेलात. पहाटेचा गारवा, बँड, टाळ्या, सगळ्यांचं होतं हे. माझंही झालंय.

दुसरं, २८ किमी २:५५ मध्ये म्हणजे ६:१५ चा पेस. सरावाची लाँग रन तुम्ही रेसच्या ठरलेल्या वेगापेक्षाही जलद काढताय! ती रेसपेक्षा पाऊण-एक मिनिट हळू हवी. ७:१० ने जा. सुरुवातीला लाज वाटते, म्हशी पुढे जातात, चालायचंच.

चढासाठी तुमचा तो हायवेचा पूल पुरेसा आहे. आठवड्यातून एकदा आठ-दहा वेळा चढा-उतरा, मात्र सर्व्हिस रोड आणि कठड्याच्या आतली जागा असेल तरच, ट्रकच्या बाजूने नको. मी अमरावतीचा, महिन्यातून एकदा परतवाड्याला जाऊन चिखलदऱ्याच्या घाटात पळतो. या एकदा, राहायची सोय माझ्याकडे.

---

खारेदाणे

पेस आहेच, पण ती टोपीवरची रेघ विसरू नका. काही लोकांच्या घामातून मीठ जास्त जातं, तुम्ही त्यातले दिसता. नुसतं पाणी पीत राहिलात की रक्तातलं सोडियम पातळ होतं. फार झालं तर मळमळ, डोकं जड, माणूस बरळायला लागतो, आणि ते जिवावर बेततं. प्रत्येक टेबलावर पाणी प्यायचंच असा नियम नको, तहानेप्रमाणे प्या.

ओआरएसचं पाकीट चांगलं, पण एक घोळ सगळेच करतात. त्याच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. ते मिठा-पाण्यासाठी आहे, इंधनासाठी नाही. पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एक मध्यम केळं म्हणजे साधारण २५. तुम्ही पहिले अडीच तास उपाशी पळालात! पाऊण तासापासून थोडं थोडं सुरू करा: खजूर, गूळ, चिक्की, जे पोटाला मानवेल ते. आणि रविवारी घरीच करून बघा, रेसच्या दिवशी नवा प्रयोग नको. मी एकदा कुणीतरी दिलेलं जेल (पळताना खायचं पाकिटातलं गोड चाटण) खाल्लं आणि पुढचे चार किमी शौचालय शोधण्यात गेले.

---

निंबोणी

मी यवतमाळकडची. एक गोष्ट कुणीच बोललं नाही. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे दहा-बारा अंश आणि हवा कोरडी. घाम आला की लगेच उडतो, अंग गार राहतं. मुंबईत जानेवारीतही पहाटे अठरा-वीस अंश आणि दमट. घाम अंगावर नुसता वाहतो, उडत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदय जास्त पळतं. इथला ६:१५ तिथे ६:१५ राहत नाही.

मी काय केलं, तर शेवटचे दोन-तीन आठवडे सोप्या रन्स पहाटे न करता दुपारी बारा-एकला केल्या, अंगात पूर्ण बाह्यांचं जॅकेट घालून. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. फक्त वेग वाढवायचा नाही आणि चक्कर आल्यासारखं झालं की तिथेच थांबायचं. उन्हाळ्यात मात्र चुकूनही नाही, मे महिन्यात आपल्याकडे दुपारी कावळाही बाहेर दिसत नाही.

रात्रपाळीच्या आठवड्यात लाँग रन सोडाच. दोन आठवड्यांनी एक मोठी रन पुरते. दोन तास झोपेवर २५ किमी पळून दुखापतच पदरात पडते. आणि अंधारात पांदणीने जाऊ नका. आमच्याकडे रोही (नीलगाय) आडवा येऊन एक मोटारसायकलवाला पडला, रानडुकरं तर आहेतच. (तुमचं बरं आहे हो, निघालात की निघालात. मी पळते तेव्हा भाऊ मोटारसायकल घेऊन मागे असतो, आणि त्याला झोप आली की माझी रन रद्द.)

---

पायदुखी_तज्ज्ञ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खारेदाणे यांच्याशी थोडा मतभेद. गोळे मिठाच्या कमतरतेनेच येतात असं आता मानत नाहीत. स्नायू त्याच्या सवयीपलीकडे थकला की मज्जातंतूंचा ताळमेळ सुटतो, हे कारण जास्त पटण्यासारखं आहे. म्हणजे पुन्हा पेसच. मीठ घ्या, पण मिठाने जलद सुरुवात माफ होत नाही. आठवड्यातून दोनदा पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा खाली-वर करा, पंधराचे तीन सेट. आधी दोन्ही पायांवर, मग एकेका. नडगीलाही उपयोग होईल.

आता दोन प्रश्न, खरं उत्तर द्या. रेसच्या आधी किंवा मध्ये वेदनाशामक गोळी घेतली होती का? आणि नंतर लघवीचा रंग कसा होता?

---

पांदणरस्ता

हे लिहायचं मुद्दाम टाळलं होतं, तुम्ही बरोबर पकडलं. हो. सकाळी निघताना एक घेतली, ३३ ला आणखी एक. भरतीच्या पोरांकडून शिकलो, ते ग्राउंडच्या दिवशी घेतात. संध्याकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साफ झाली म्हणून कुणाला सांगितलं नाही. घरी तर अजिबातच नाही.

आणखी एक कबुली. सेवाग्राम एक्स्प्रेसने शनिवारी सकाळी पोचलो, रात्रभर झोप नाही, मग बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला गेलो तर तिथे बूट बघत चार तास उभा. बूट घेतलेही नाहीत.

---

पायदुखी_तज्ज्ञ

तसा रंग म्हणजे स्नायू तुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडातून जात होतं. त्यात शरीरातलं पाणी कमी आणि वरून दोन गोळ्या. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, दुसऱ्या दुपारची वाट बघायची नाही. सगळं सुरळीत झालं असेल, तरी तयारी सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे सगळं सांगून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी करून घ्या. वर्ध्यात कुठेही होईल. त्याआधी एकही लाँग रन नको. आणि त्या पोरांनाही सांगा, तुमचं ऐकतील.

---

पांदणरस्ता

(तीन आठवड्यांनी)

आधी तपासणीचं: क्रिएटिनिन नॉर्मल, लघवी साफ. डॉक्टर आधी चिडले, मग त्यांनीच विचारलं की पाच किमीपासून सुरुवात कशी करू.

घरी बायकोला सांगावं लागलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खजुराचा डबा बुटांशेजारी ठेवलेला होता.

पोरांना पारावर बसवून सांगितलं. दोघांनी ऐकलं, एक म्हणाला "आमचं तं सोळाशेच मीटर हाय ना काकाजी." त्याचं काय करावं, सुचलेलं नाही.

काल कालव्याच्या रस्त्याने २० किमी, ७:१५ च्या पेसने. मुरमाचा रस्ता आहे, नडगी अजिबात दुखली नाही, इतके दिवस तिकडे गेलो का नाही देव जाणे. दर पाऊण तासाला तीन खजूर आणि मिठाचं लिंबूपाणी. शाळेची पोरं सायकलीवरून हसत पुढे गेली. शेवटचे दोन किमी मुद्दाम ६:२४ ने काढून बघितले, निघाले. दम होता.

घाटवाट दादा, दिवाळीनंतर चिखलदऱ्याला येतो. कापूस वेचणीला मजूर मिळाले तर.

---

घाटवाट

या, या. जॅकेट आणा, वर थंडी असते. आणि तिकिटाचं आत्ताच ऐका: आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यात. गुरुवारी रात्रीची गाडी धरा, शुक्रवारी सकाळी पोचाल, त्याच दिवशी बिब घेऊन मोकळे व्हा. शनिवारी दिवसभर पाय वर करून पडायचं. बूट बघायचे असतील तर अमरावतीला दाखवतो.