जुन्या होडीची कुज: फायबरने मढवावी की फळ्या बदलाव्यात?

खाडीकाठ (देवगड):
नमस्कार मंडळी. आजोबांची 18 फुटांची सागवानी होडी दोन पावसाळे माडांखाली झापांनी शाकारून ठेवली होती. या चैत्रात झाप काढले तेव्हा नाळेजवळच्या, म्हणजे पुढच्या टोकाजवळच्या, दोन फळ्या आणि त्यांच्या आतला एक वांक (फळ्यांना आधार देणारी वाकडी बरगडी) काळपट, भुसभुशीत झालेला आढळला. पेचकस टेकवला तर बोटाच्या पेराएवढा आत गेला. एक कारागीर सगळी होडी बाहेरून फायबरने (काचतंतू आणि रेझिन या चिकट द्रवाच्या कडक थराने) मढवून देण्यास तयार आहे, परंतु माझ्याजवळ 15 हजारांच्या वर रक्कम नाही. काय करावे?

सुताराचा मुलगा (दाभोळ):
मढवू नका. कुज म्हणजे बुरशी, आणि लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर राहिला की ती वाढतच जाते; त्यावर कवच चढवले की तो ओलावा बाहेर पडण्याची वाटच बंद होते. शिवाय आजोबांच्या काळापासून ही होडी डिंबेल (काजूच्या टरफलांचे तेल) किंवा उंडीचे तेल पीत आली असणार, आणि तेलकट लाकडावर रेझिन नीट धरत नाही. आमच्या शेजारच्या अशाच एका होडीचे कवच दुसऱ्या वर्षी फणसाच्या सालीसारखे सोलून निघाले.

कुजलेला भाग कापताना मात्र हात आखडू नका. डोळ्यांना चांगले दिसणारे लाकूडही कुजीच्या पुढे अर्धा फूट काढून टाका, कारण बुरशीचे तंतू तिथवर गेलेले असू शकतात. नव्या तुकड्याचा सांधा तिरपा घ्यावा. फळी 1 इंच जाड असेल तर उतार 8 इंच लांब हवा. नवे सागवान परवडणार नाही, तेव्हा पाडलेल्या घरांचे जुने, मुरलेले लाकूड शोधा. वांकासाठी फणसाची मुळातच वाकडी असलेली फांदी पाहा. सरळ लाकडातून कोरलेला वांक लाकडाच्या तंतूंची रेषा तुटल्यामुळे लवकर चिरतो.

बंदरवाला (मालवण):
वरील सर्व मान्य, पण कुज नाळेतच का लागली हे आधी पाहा. खाऱ्या पाण्यात पोखरणारा किडा लागतो, कुज मात्र बहुधा पावसाच्या गोड्या पाण्याची. होडी नाळेकडे कलती होती का, तळाचे पाणी सोडण्याच्या भोकाचे बूच काढले होते का? जुने लोखंडी खिळे गंजले असतील तर त्यांच्या भोवतीचे लाकूडही टोचून पाहा. उरलेल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी पाजा, ते पूर्ण वाळू द्या, आणि मगच सांध्यांत कापूस ठोकून राळ-तेल भरा.

खाडीकाठ (देवगड):
दादा, बूच मागच्या बाजूला आहे आणि ते काढलेले होते, परंतु होडी नाळेकडेच कलती होती. आजोबा दर पावसाळ्यात नाळेखाली ओंडका सरकवीत असत, हे आईने आज सांगितले. होडी उन्हात वाळवू का?

सुताराचा मुलगा (दाभोळ):
उन्हात नको, फळ्या तडकतील. सावलीत, वारा खेळेल अशी, तीन आठवडे ठेवा. ओंडका आजच सरकवा.