रविवारची थैली, घरची मूठ आणि ज्याला रजिस्टरमध्ये रकाना नाही असं बरंच काही – तुमचे अनुभव सांगा

सगळ्यांना नमस्कार, आपल्यातल्यांना सलाम. मी इंदूरचा. आजोबा नगर जिल्ह्यातून मिशनच्या शाळेत मास्तरकीला आले ते परत गेलेच नाहीत, त्यामुळे आमची मराठी अर्धी नगरी अर्धी इंदोरी, सांभाळून घ्या. दहा-अकरा वर्षं आमच्या चर्चचा खजिनदार आहे. लोकांना वाटतं केवढा मान, पण काम काय तर उपासना सुटली की बाकीचे अंगणात चहा पीत गप्पा मारतात तेव्हा आपण आतल्या खोलीत बसून दानाची थैली मोजायची. एकट्याने नाही हां, दोघांनी मोजायची आणि दोघांनी सही करायची. हा नियम पाळला म्हणून अजून टिकलोय.

थैलीत काय निघत नाही! दहाची नाणी ढिगाने, कारण इकडे किराणावाला आणि रिक्षावाला दोघंही दहाचं नाणं घ्यायला तोंड वाकडं करतात, रिझर्व्ह बँक कितीही सांगो, मग ती देवाला. चिकटपट्टी लावलेल्या नोटा. शर्टाची बटणं, खरंच सांगतोय, आई घाईत पोराच्या हातात पैसे द्यायला विसरली की पोरगं सापडेल ते टाकतं. ती मी बोर्नव्हिटाच्या डब्यात जमवतो. आणि १३ नोव्हेंबर २०१६ चा रविवार तर विसरणं शक्य नाही. मंगळवारी नोटबंदी झालेली, रविवारी थैलीत पाचशे-हजारच्या नोटाच नोटा. इतकी उदार मंडळी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

पण धागा काढायचं कारण वेगळंय. मागे एकदा दहाच्या घडी घातलेल्या नोटेत एक चिठ्ठी निघाली, "मंगळवारी मुलाचं ऑपरेशन आहे", बस्स. नाव नाही. चिठ्ठी पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या पास्टरना, दिली, दहा रुपये रजिस्टरमध्ये लिहिले. पण मंगळवारी बँकेत भरणा करायला लाईनीत उभा होतो तर आठवलं, आणि तिथेच, टोकन हातात धरून, प्रार्थना केली. कोणाचा मुलगा, कसलं ऑपरेशन, काही माहीत नाही. आजही माहीत नाही. तेव्हापासून रविवारी प्रत्येक पोराकडे बघून वाटतं हाच असेल का. आता हे कुठे लिहायचं? रजिस्टरमध्ये चार रकाने आहेत – साधं दान, दशांश (कमाईचा दहावा हिस्सा), उपकारस्तुती (देवाचे आभार मानून दिलेलं), इमारत फंड. यात न बसणारं काही तुमच्याकडे असेल तर लिहा. ख्रिस्ती असायलाच पाहिजे असं नाही.

नर्सबाई, रिटायर्ड

खजिनदारसाहेब, आमच्याकडे मूठ असायची. भात टाकायच्या आधी आई धुवायला घेतलेल्या तांदळातून एक मूठ काढून डालड्याच्या पिवळ्या डब्यात टाकायची, रोज, दोन्ही वेळा. तोंडाने काहीतरी पुटपुटायची, मला वाटायचं मोजतेय. महिनाअखेरच्या रविवारी डबा घेऊन मला महिला मंडळाकडे पाठवायची. मला वाटायचं हा शोध आमच्या आईचाच, नंतर नर्सिंगला गेले तर होस्टेलमध्ये मिझो मुली होत्या, त्या म्हणाल्या आमच्याकडे याला बुहफाई थाम म्हणतात, १९१० पासून चालू आहे, तो तांदूळ विकून आमची चर्चेस मिशनरी पाठवतात. मी गपच झाले.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. वीस घरची मूठ एकत्र आली की तो तांदूळ शिजवणं महाकठीण! कोणाचा कोलम, कोणाचा बासमतीचा तुकडा, कोणाचा रेशनचा जाडा, कोणाचा गेल्या वर्षीचा कीडवाला. एक शिजतो तोवर दुसऱ्याची पेज होते. मंडळातल्या बायका शेवटी डाळ घालून पातळ खिचडीच करायच्या, खिचडीत सगळे सारखे. वस्तीत ती वाटायची आणि उरलेली आम्हीच खायचो.

आता मी एकटी. एका माणसाच्या भातातून मूठ काढली तर कुकरमध्ये काय उरणार, तरी काढते. उगाच त्याग वगैरे समजू नका, शुगर आहे, डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलाय. आई काय पुटपुटायची ते तिच्या शेवटच्या आजारपणात विचारलं. म्हणाली, अगं ज्याच्या पोटात जाईल त्याला पचू दे म्हणायचे, त्यात किडे असायचे ना.

पीथमपूर बस, ६.१०

मी कंपनीच्या बसमध्ये प्रार्थना करतो. घरी जमत नाही, पोरांची शाळा, पाण्याची मोटर, आणि आमच्या चर्चमध्ये सगळं हिंदीत, ते चांगलंच असतं पण माझ्या आत काही होत नाही यार, "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हटल्याशिवाय मला प्रार्थना केल्यासारखं वाटतच नाही. मी नगरचा, लहानपणी भजनं टाळ-पेटीवर ऐकलेली, रेव्हरंड ना. वा. टिळकांची. इथे गिटार. तर राऊच्या पुढे गेलं की डोळे मिटतो, शेजारचा समजतो झोपला. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" म्हणेपर्यंत टिफिनमधल्या भाजीचा वास यायला लागलेला असतो, त्यामुळे ती ओळ मी मनापासूनच म्हणतो.

दशांशाचं मात्र आमच्या घरात दर महिन्याला भांडण. दहावा हिस्सा कशाचा? बायको म्हणते पगाराच्या चिठ्ठीवरच्या वरच्या आकड्याचा. मी म्हणतो जो हातात येतो त्याचा, पीएफ कापला, टॅक्स कापला, जो मी पाहिलाच नाही त्याचा दशांश कसा देऊ? ती म्हणते पीएफ तुझाच आहे, म्हातारपणी मिळेल. मी म्हणालो तेव्हा देईन. आमच्या सासऱ्यांनी मध्ये पडून विचारलं ओव्हरटाईम धरता का, तर दोघंही गप्प, कारण ओव्हरटाईम दोघांनीही धरला नव्हता. मागच्या वर्षी लाईन बंद झाली आणि चार महिने अर्धा पगार होता तेव्हा मी म्हटलं आता थांबू, तर तीच म्हणाली अर्ध्याचा दहावा दे ना, अर्धाच तर आहे. दिला. त्यानंतर चमत्कार झाला वगैरे काही नाही, चार महिन्यांनी लाईन चालू झाली, व्हायचीच होती.

नाव नको

सगळे गोड गोड लिहिताय म्हणून लिहितोय. आम्ही आधी जिथे जायचो तिथे देणाऱ्यांची नावं आणि रक्कम माईकवर वाचायचे. मोठ्यापासून सुरुवात, छोटी रक्कम शेवटी. माझे वडील शिपाई होते, त्यांचं नाव नेहमी शेवटच्या पाचात. मग बाहेरून एक उपदेशक आले, तीन दिवसांच्या सभा, "पेरा म्हणजे कापाल", आज पाच हजार द्या, वर्षात पन्नास मिळतील अशी भाषा. वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून दिले. त्या वर्षी त्यांचं नाव वरून तिसरं होतं आणि ते किती ताठ बसले होते ते मला अजून दिसतं. पन्नास आले नाहीत. कर्ज मी नोकरीला लागल्यावर फेडलं.

मी आता देतो, पण थैलीत हात मुठीसकट घालतो म्हणजे नोट आहे की नाणं ते शेजाऱ्यालाही कळू नये. बायबलमधल्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांवर (जवळ होती तेवढी दोन छोटी नाणी तिने दानपेटीत टाकली) प्रवचन सुरू झालं की मी बाहेर जाऊन उभा राहतो, कारण त्या बाईचं कौतुक सगळे करतात, पण दुसऱ्या दिवशी ती जेवली का हे कोणी विचारत नाही.

खजिनदार

@नाव नको – दोनदा वाचलं. आमच्याकडेही पूर्वी वाचायचे, आता नोटीसबोर्डवर फक्त एकूण रक्कम लावतो. दोन-तीन मोठे देणारे त्यामुळे रुसले, त्यातला एक अजून रुसलेलाच आहे. टोल्यांच्या बाईबद्दल तुम्ही लिहिलंत तसा विचार मी केला नव्हता. मीही ती गोष्ट मोजणाऱ्याच्या बाजूनेच वाचत आलोय.

रामबागची शेजारीण

मी ख्रिस्ती नाही, आम्ही देशस्थ, घरी गणपती-गौरी सगळं. पण खालच्या मजल्यावर काकू राहतात, नाताळात त्यांच्याकडून करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट येतं आणि दिवाळीत आमच्याकडून त्यांच्याकडे, म्हणजे तेच पदार्थ दीड महिन्याच्या अंतराने वर-खाली करतात. हे चाळीस वर्षं चालू आहे.

एप्रिल २०२१ मध्ये आमच्या घरात सगळेच पॉझिटिव्ह. काकूंच्या चर्चमधली पोरं डबे वाटत होती, दाराबाहेर ठेवून बेल मारून जायची. पहिल्या दिवशी मी डबा घेतलाच नाही. खरं सांगते, लाज वाटली. आपण देणारी माणसं, श्राद्धाला, गुरुपौर्णिमेला देतोच की, आपण घ्यायचं म्हणजे काय. काकूंनी खालून फोन केला आणि जरा रागावूनच म्हणाल्या, "अगं, तुला दिला नाही, मला करायला मिळालं. तू परत पाठवलास तर मी काय करू दिवसभर?" तेव्हा घेतला. फ्लॉवरची भाजी होती, मीठ जास्त. सासूबाईंना वास-चव काही नव्हतीच, त्या म्हणाल्या छान झालीय.

परत देताना डबा रिकामा द्यायचा नाही ही आपली रीत, पण तेव्हा घरातलं काही द्यायची सोय नव्हती. अकरा डबे साठले होते, धुऊन, उन्हात ठेवून. ते जूनमध्ये दिले, प्रत्येकात थोडी साखर घालून.

तबला

पैसे नाहीत, कॉलेजला आहे. शनिवारी संध्याकाळी बाकं पुसतो आणि रविवारी वाजवतो. रकाना नाही हे बरोबर बोलले अंकल. पण एकदा लिहा ना, "तबला – १".

उदयनगर

मी कॅथलिक, मिस्साला जाते. इथे पैशाचं बोलणं चाललंय, माझं वेगळंच आहे. सिस्टर राणी मारियांचं नाव इंदूरवाल्यांना माहीत असेल. केरळहून आलेल्या, उदयनगरकडच्या आदिवासी गावांत काम करायच्या, सावकारांच्या तावडीतून लोकांना सोडवायच्या, म्हणून २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येताना चालत्या बसमध्ये त्यांचा खून केला. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टर, जेलमध्ये जाऊन त्या खुन्याला राखी बांधली. आईनेही माफ केलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरात त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं तेव्हा मी तिथे होते, गर्दीत, एका हातात पाण्याची बाटली.

आणि त्या वेळी मी माझ्या सख्ख्या भावाशी सहा वर्षं बोलत नव्हते. कारण काय, तर आईच्या घराच्या कागदावर सही. खून नाही, काही नाही, एक खोली आणि पुढचा ओटा. कार्यक्रम चालू असताना सगळे रडत होते, मीही रडत होते, आणि आत एक आवाज चालू होता की हो पण ती ओट्याची बाजू माझीच होती. मला वाटतं पैसे देणं सोपं असतं, खिशातून काढलं की झालं. हे काढायला कुठे हात घालायचा तेच कळत नाही.

लगेच माफ केलं असं समजू नका. घरी येऊन फक्त एवढं केलं की रात्रीच्या रोझरीत त्याचं नाव घ्यायला लागले. पहिले काही महिने नाव घेताना दात आवळले जायचे. "त्याला सद्बुद्धी दे" असं मागायचे, म्हणजे त्याने माझी सही मान्य करावी. मग कधीतरी ते मागणं गळालं आणि नुसतं नाव उरलं. २०१९ च्या राखीला पोस्टाने राखी पाठवली, आत चिठ्ठी नाही. त्याने फोन केला आणि पहिलं वाक्य काय, "कुरिअर का नाही केलंस, भिजलीय." आता बोलतो. ओट्याचं अजून काही ठरलं नाहीये.

सोयाबीनवाला

आमच्याकडे गावात सोयाबीन निघाल्यावर उपकारस्तुतीला लोक शेतातलं आणतात, गहू, हरभरा, कोंबडी, अंडी, आणि उपासनेनंतर लिलाव. मजा असते. मागच्या वेळी एक दुधी दीडशेला गेला, घेणाऱ्याने तो परत टेबलावर ठेवला, पुन्हा लिलाव, दोनशे, त्यानेही परत ठेवला. पाचव्यांदा एका आजींनी तीस रुपये म्हटलं आणि सगळे गप्प बसले, कोणी वर बोललंच नाही. त्या दुधी घेऊन गेल्या, त्यांना खरंच भाजीला हवा होता.

खजिनदार

@तबला – लिहिलं. कालच्या पानावर, खाली, पेन्सिलने. ऑडिटरने विचारलं तर तूच येऊन समजाव.

आता थैलीची ताजी बातमी. गेल्या महिन्यापासून दाराशी क्यूआर कोड लावलाय, तेव्हापासून नाणी निम्मी झालीत, बटणं मात्र तेवढीच. परवा मोजतानाच माझ्या शर्टाच्या कफचं बटण तुटून कुठेतरी गेलं. घरी आलो, बोर्नव्हिटाचा डबा ओतला, चार भोकांचं पांढरं अगदी जोडीचं मिळालं. बायकोने लावून दिलं. पुढच्या रविवारी त्याचे दहा रुपये टाकणार आहे, नाणंच. माझ्यासोबत मोजायला बसतात ते म्हणाले दोन रुपयांचं बटण आहे, दहा कशाला. म्हटलं बाकीचे आठ शिलाईचे.