अनुभव धागा : लहान मुलांना शिकवणार आहात? वर्गात काय कराल, काय अजिबात करणार नाही?

मधली_सुट्टी
डीएलएडच्या (प्राथमिक शिक्षकाची पदविका) दुसऱ्या वर्षाला आहे. परवा असाइनमेंट मिळाली, 'माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान', चार पानं. वर्गातल्या वह्या चाळल्या तर सगळीकडे तेच, मूल म्हणजे रोपटं, शिक्षक म्हणजे माळी, मग फ्रोबेल, मॉन्टेसरी, टागोर, गिजुभाई ही शिक्षणातली थोर मंडळी एकेका परिच्छेदात हजेरी लावून जातात आणि शेवटी सर्वांगीण विकास. मागच्या बॅचची वही पुढच्या बॅचकडे येते त्यामुळे माळीबुवा दरवर्षी पास होतात :) पण आंतरवासितेला (शाळेत जाऊन शिकवायचा सराव) पहिलीच्या वर्गात पाऊल टाकलं की एकजण रडतोय, दोघं एका पेन्सिलीवरून भांडतायत, एकीला शू लागलीय आणि ती सांगत नाहीये, तेव्हा त्या चार पानांतलं नक्की काय कामाला येतं?

म्हणून हा धागा. डीएलएड, मॉन्टेसरी, अंगणवाडी, कुठलाही कोर्स करणारे, परीक्षा देऊन वाट बघत बसलेले, नुकतेच लागलेले, सगळ्यांनी लिहा. एकच अट, थोरामोठ्यांची नावं नुसती टाकू नका, तुम्ही स्वतः काय करणार किंवा काय करणार नाही ते लिहा आणि ते डोक्यात कुठून आलं तेही. वय तीन ते आठ, म्हणजे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ज्याला पायाभूत स्तर म्हणतात तेवढंच.

माझ्यापासून सुरुवात. माझ्या वर्गात शू-पाण्याला जायला विचारावं लागणार नाही. करंगळी वर करून उभं राहायचं, बाई फळ्यावर लिहितायत त्यांचं लक्ष नाही, मग बाकीचे हसतात, हे मी लहानपणी खूप पाहिलंय. आणि आता आंतरवासितेत एक मुलगी दिसली जी दिवसभर पाणीच प्यायची नाही, बाटली भरलेली तशीच घरी. का, तर विचारायला नको. ती दुपारनंतर गप्प गप्प असते म्हणून तिला 'मंद' म्हणत होते. दाराशी एक पाटी अडकवणार, जाताना उलटी करायची आल्यावर सुलटी, एका वेळी एकच जण. बस. पन्नास मुलं एकदम पळतील असं मॅडम म्हणाल्या, पहिला आठवडा पळतीलही, मग कंटाळतील.

खडूफळा
धागा आवडला. मी द्विशिक्षकी शाळेत आंतरवासिता केली, पहिली ते चौथी, दोन खोल्या, म्हणजे एका खोलीत पहिली-दुसरी एकत्र. तिथे एक गोष्ट दिसली की प्रश्न विचारला की आपण थांबतच नाही. "पाच आणि तीन किती?" असं म्हणतो आणि श्वास घ्यायच्या आत दुसऱ्याकडे वळतो नाहीतर स्वतःच उत्तर देऊन टाकतो. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग ऐकून हेच मोजलं होतं, शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नाहीत, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, आणि जी मुलं कधी बोलत नाहीत तीही बोलतात. हे आम्हाला एका सरांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं त्यात काय एवढं. करून बघा. तीन सेकंद पहिलीच्या वर्गात म्हणजे अनंतकाळ, दुसरीची पोरं मागून उत्तर ओरडायला टपलेली असतात. मी मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणतो. दुसरीला आधीच सांगून ठेवलंय, पहिलीच्या प्रश्नाला तुमचं उत्तर आलं तर पुढचं गणित तुम्ही फळ्यावर येऊन बनवून द्यायचं. बऱ्यापैकी चालतं. माझं सगळं तत्त्वज्ञान सध्या तीन सेकंदांचंच आहे.

रानजाई
मी डहाणू तालुक्यातली. नावं नुसती टाकू नका म्हणालात तरी मला दोन टाकावीच लागतील कारण ती आमच्याकडे पुस्तकातली नाहीयेत, आमच्या आजीच्या तोंडातली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. 1945 ला बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं आणि 1957 ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे वारली मुलं शाळेत येईनात, कारण मोठ्या मुलांनी गुरं राखायची आणि मोठ्या मुलींनी धाकटं भावंडं सांभाळायचं. यावर त्यांनी काय केलं, तर गुरं चरतात तिथे कुरणशाळा भरवली, आणि शाळेच्या जोडीला पाळणाघर आणि बालवाडी एकाच आवारात ठेवली, म्हणजे भावंडं कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवायला कारणच उरलं नाही. साहित्यही विकत आणलेलं नाही, शंख, शिंपले, बिया, पानं, जे त्या मुलांच्या हातात रोज असतंच ते.

तर माझं असं की मूल शाळेत येत नाही तेव्हा पहिला प्रश्न मुलाला नाही, शाळेला विचारायचा. आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत वर्ग अर्धा होतो आणि हजेरीत लाल शेरे पडतात, आणि मूल परत आलं की पहिलं वाक्य "कुठे होतास इतके दिवस?" तेही ज्या सुरात विचारतात त्या सुरात. मी नाही विचारणार. मी विचारणार लावणी झाली का सगळी, किती जणं होतात, आणि मग त्याच्यावरच त्या दिवसाचं गणित. अजून एक, उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर उभं करणार नाही. सहा वर्षांचं मूल दोन ओहोळ ओलांडून एकटं आलंय हो, ते आलं हेच पुष्कळ.

पाटीवरचा_बोका
वाचतोय. माझं तत्त्वज्ञान: परिपाठात प्रतिज्ञेनंतरचं भाषण दोन मिनिटांत संपवणार. बाकी लागल्यावर बघू.

गुरुजी_निवृत्त
सगळ्यांचं वाचलं, छान लिहिताय. मी तीसेक वर्षं जिल्हा परिषदेत काढली, भावी शिक्षक नाही मी, तरी दोन शब्द टाकतो, राग मानू नका. छडी वाईटच, ते मला नोकरीत फार लवकर कळलं आणि आता 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 नं तर शारीरिक शिक्षाही बंद आणि मानसिक छळही बंद, योग्यच झालं. पण हल्ली तरुण मंडळींना पाठांतर म्हटलं की छडीचाच भाऊ वाटतो. तसं नसतं. पहिली-दुसरीच्या मुलांना पाढे म्हणायला आवडतात, कविता ठेक्यात म्हणायला आवडतात, त्यांना ते काम वाटतच नाही, काम आपल्याला वाटतं. सात सक बेचाळीस तोंडात असलं की पुढे चौथीत भागाकार करताना डोकं भागाकारात लागतं, बोटं मोजण्यात नाही. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतो का, टीव्हीवर चर्चा, विधानसभेत टिंगल. मी तेव्हा वीस एकच्या बाजूनं होतो, कारण एकवीस ऐकून 12 लिहिणारी पोरं मी आयुष्यभर बघितलीत. म्हणजे मी काही जुनंच धरून बसणारा नाही. पण रचनावादाच्या, म्हणजे मुलानं स्वतः करून शिकायचं याच्या, नावाखाली फरशीवर रंगीत गोल काढून ठेवले आणि पोरं त्याच्यावर उड्या मारतायत आणि गुरुजी व्हॉट्सॲपवर त्याचे फोटो टाकतायत, हे शिक्षण नव्हे. फोटो काढून झाल्यावर त्या गोलांचं काय करता ते सांगा.

खडूफळा
गुरुजी, नमस्कार. पाढ्यांचं पटलं अर्धं. तीन सेकंद थांबायचं तेव्हा मुलाच्या डोक्यात काहीतरी असायला हवं ना ज्याच्यात ते शोधेल. पण माझ्याकडे बाराचा पाढा धाड धाड म्हणणारी मुलगी आहे आणि बारा चिंचोके मोजून दे म्हटलं तर अडते. आधी हात मग तोंड असं मी करणार. फोटोंबद्दल काही बोलत नाही, केंद्रप्रमुख मागतात :(

मोतीमाळ
आधी हात हे वाचून लिहायला आलेच. मॉन्टेसरीचा कोर्स करतेय, नाशिक. 1939 ला ही पद्धत काढणाऱ्या मॅडम मॉन्टेसरी स्वतः मद्रासला आल्या, नंतर युद्धात इटालियन म्हणून त्यांच्यावर बंधनं आली आणि त्यामुळे त्या भारतात बरीच वर्षं राहिल्या, शिक्षक तयार केले. असं असूनही आपल्याकडे गल्लोगल्ली 'मॉन्टेसरी' बोर्ड आणि आत साडेतीन वर्षांच्या मुलांकडून चार रेघी वहीत एबीसीडी गिरवून घेणं चालू. त्या वयात मनगटाची हाडंसुद्धा पुरती तयार झालेली नसतात हो. मग पेन्सिल मुठीत धरतात, दाब जास्त देतात, कागद फाटतो, मार आई देते.

मी ज्या वर्गात बसते तिथे दर पालकसभेला एकच प्रश्न, लिहायला कधी शिकवणार, शेजारच्या शाळेत तर वन टू हंड्रेड झालं. मी पुढे माझा वर्ग घेतला ना तर पालकांनाच पहिल्या दिवशी बसवणार. कणीक मळा, चिमट्यानं वाटाणे उचला, बरणीचं झाकण लावा-काढा, मटार सोला, ओले रुमाल पिळा. आणि मग सांगणार की हेच लिहिणं आहे, तुमच्या घरी फुकट होतं, फक्त तुम्ही "सांडवशील, दे इकडे" म्हणून हातातून काढून घेता. माझा एकच नियम असणार, मूल एखाद्या कामात गुंगलेलं असेल तर त्याला हाक मारायची नाही, शाबासकी द्यायलासुद्धा नाही. शाबासकी दिली की ते वर बघतं आणि काम संपतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता जीभ चावते.

सेविका_ताई
अंगणवाडीत मदतनीस आहे, सेविकेच्या पदासाठी फॉर्म भरलाय. 1975 पासून ही योजना आहे म्हणतात पण बालवाडीचं शिक्षण म्हटलं की लोक अजून खिचडीच म्हणतात. म्हणू देत. मी आधी खिचडीच बघणार. सकाळी उपाशी आलेलं पोर गाणं म्हणत नाही, भिंतीला टेकून बसतं. वजन, उंची, पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीचं सरकारी ॲप) भरणं, रेंज नसली की अंगणात जाऊन फोन वर धरणं, यातून जो वेळ उरतो त्यात गोष्टी आणि गाणी. आमच्या सेविका बाई खायला आधी देतात आणि गाण्या-गोष्टींचा गोल नंतर करतात, वेळापत्रकात उलटं आहे. मीही तसंच करणार. जास्त लिहिता येत नाही, पोरं आली.

वेटिंग_लिस्ट
टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास, टीएआयटी (भरतीची चाचणी) दिलेली, पवित्र पोर्टल (शिक्षकभरतीची सरकारी वेबसाइट) दिवसातून कितीदा उघडतो विचारू नका. ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टानं प्राथमिकला बीएड चालणार नाही म्हटलं तेव्हा आमच्या डीएलएडवाल्यांच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो, बीएडवाल्या मित्रांचे फोन बंद, वाईटही वाटलं. तोवर एका खाजगी शाळेत पहिली-दुसरीवर आहे, पगार सांगण्यासारखा नाही.

माझं तत्त्वज्ञान गोष्टीबद्दल आहे. गोष्ट वाचून दाखवली की मी काहीही विचारणार नाही. आपल्याकडे गोष्ट संपायच्या आत तात्पर्य. कोल्हा द्राक्षांखालून निघालाही नसतो आणि बाई विचारतात, मग मुलांनो यातून आपण काय शिकलो? आणि मुलं इतकी तयार की न ऐकताच म्हणतात खोटं बोलू नये. कुठलीही गोष्ट असो, खोटं बोलू नये! मी एक महिना ठरवून फक्त वाचलं, पुस्तक मिटलं, चला डबे काढा. पहिले काही दिवस मुलं वाट बघत होती, सर विचारत कसे नाहीत. मग डबा खाता खाता आपापसात सुरू झालं, कोल्ह्यानं शिडी का नाही आणली, एक म्हणाला द्राक्षं आंबटच होती, त्याला वासावरून कळलं असणार. हे मी विचारून कधीच निघालं नसतं. आमच्या सुपरवायझरबाईंना मात्र पाठ टाचणात 'मूल्यमापन' चा रकाना भरलेला लागतो, तिथे लिहितो 'निरीक्षण'. चालून जातं.

परदेशी_पाटी
जर्मनीत किटामध्ये, म्हणजे इथलं पाळणाघर-बालवाडी एकत्र असतं तिथे, शिक्षिका व्हायचं ट्रेनिंग करतेय. मूळची सोलापूरची. इथे एक गोष्ट बघून थक्क झाले ती म्हणजे मूल रुळवायची पद्धत, बर्लिन मॉडेल म्हणतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर वर्गातच बसतात, तासभर, आणि मग घरी. चौथ्या दिवशी पालक थोडा वेळ बाहेर जाऊन बघतात, मूल रडलं आणि शिक्षिकेकडून शांत झालं नाही तर परत आत. घाई नाही. आपल्याकडे जूनमध्ये पहिल्या दिवशी मूल गेटमधून आत ढकलतात आणि आई बाहेर रडते, मूल आत. मला माहितीये चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस आया बसवता येत नाहीत. पण पाच-पाच मुलं एक दिवसाआड आणली तर? परत आले तर हेच करून बघणार आहे, जून वाया गेला तरी चालेल.

मधली_सुट्टी
@परदेशी_पाटी, आपल्याकडे शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात ना 'पहिले पाऊल' चे, त्यात आया येतातच शाळेत, उड्या, रंग ओळखणं असे टेबल असतात. तिथूनच हे पाच-पाचचं जोडता येईल. आमच्या मॅडमना विचारते.

कोयता_बीड
उशिरा लिहितोय. आमच्याकडे प्रश्न वेगळा आहे. दिवाळी झाली की वर्ग रिकामा, आईबाप कारखान्यावर ऊसतोडीला जातात, लेकरं बरोबर. फेब्रुवारी-मार्चनंतर टोळ्या परत यायला लागतात. म्हणजे पहिलीचं लेकरू जूनमध्ये अ आ शिकलं, नोव्हेंबरमध्ये गेलं, परत आलं तेव्हा वर्ग वाचायला लागलेला आणि हे तिथंच. मीही असाच गेलेलो आहे आईबापाबरोबर, दोन हंगाम.

मी दोन गोष्टी करणार. जाताना दप्तरात एक वही द्यायची, तिच्यात रोज एक चित्र, कोपीचं (फडावरची झोपडी), बैलगाडीचं, काट्यावर वजन करतात त्याचं, काहीही, अक्षर नाही आलं तरी चालेल. आणि परत आल्यावर त्याच वहीवरून त्याला शिकवायचं, सगळ्या वर्गाच्या मागं लावायचं नाही. या लेकरांना मोळी किती, टन किती, उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) किती घेतली अन् किती फिटली हे ऐकून ऐकून पाठ असतं, आणि आपण त्यांना पाच सफरचंदांतून दोन वजा शिकवतो, ज्यांनी सफरचंद आजारपणातच बघितलं.

एक विचारायचं होतं. गावात हंगामी वसतिगृह असलं की मोठी मुलं आजी-आजोबांकडे राहून शाळा करतात हे बघितलंय. पण सहा वर्षांचं लेकरू आईशिवाय पाच महिने ठेवावं का, की जाऊ द्यावं आणि वही द्यावी? इथं कुणी त्या कामात असेल तर लिहा, रानजाई ताई तुमच्याकडे वीटभट्टीवर जाणाऱ्यांचं काय करतात?

रानजाई
आमच्याकडेही तेच, दिवाळीनंतर भट्टीवर. सहा वर्षांचं मागे राहत नाही हो, कुणी ठेवतही नाही. भट्टी ज्या गावाच्या हद्दीत आहे तिथल्या शाळेत नाव घालता येतं, पण तिथल्या गुरुजींना आधी कुणीतरी फोन करावा लागतो, मुलाचे आईवडील स्वतःहून जात नाहीत. तो फोन मी करणार असं ठरवलंय. वहीची आयडिया घेतेय तुमची, चालेल ना?