शब्दचर्चा: 'स्ट्रॅटेजिक एचआरएम'ला मराठीत काय म्हणायचं?

जुनीवही:
एमबीएला स्ट्रॅटेजिक ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट हा पेपर घेतलाय. शिकवतात इंग्रजीत पण नोट्स मी मराठीत काढते, कारण मराठीत लिहायला गेलं की खरंच कळलंय की नुसतं पाठ झालंय ते लगेच उघडं पडतं. तर गाडी नावावरच अडलीय. कुठे 'व्यूहात्मक मनुष्यबळ व्यवस्थापन' दिसतं, कुठे 'धोरणात्मक मानव संसाधन व्यवस्थापन', आणि एके ठिकाणी चक्क 'सामरिक'. तिन्ही एकच का? आणि पुढे ते हार्ड-सॉफ्ट, व्हर्टिकल फिट वगैरे येतं त्याला काय म्हणता तुम्ही लोक?

टाचणी:
सामरिक आधी खोडा. एचआरचं खातं आहे, तोफखाना नाही :) स्ट्रॅटेजीचा मूळ ग्रीक शब्द सेनापतीवरूनच आलाय हे खरं, पण मराठीत सामरिक म्हटलं की सरहद्द आणि पाणबुड्याच डोळ्यासमोर येतात. व्यूहात्मकही तसा रणांगणातलाच, पण व्यूहरचना हा शब्द निवडणुकीपासून क्रिकेटपर्यंत सगळीकडे रुळलाय त्यामुळे खटकत नाही. धोरणात्मकची अडचण अशी की धोरण आपण पॉलिसीला वापरतो, रजेचं धोरण, बदल्यांचं धोरण. या विषयात पॉलिसी आणि स्ट्रॅटेजी एकाच पानावर येतात, मग 'धोरणात्मक निर्णय' म्हणजे नक्की कुठला?

घोंगडं:
पण 'धोरणी माणूस' म्हणतो तेव्हा नियम करणारा असं थोडंच म्हणायचं असतं, लांबचं बघून पावलं टाकणारा असंच ना? म्हणजे शब्दात तो अर्थ होता, सरकारी कागदांनी त्याचं पॉलिसी करून टाकलं. असो, आता ते उलटं फिरवता येणार नाही, व्यूहात्मकला माझंही मत.

जुनीवही:
आणि मनुष्यबळ की मानव संसाधन?

टाचणी:
मनुष्यबळ म्हणजे खरं तर मॅनपॉवर. 'मनुष्यबळ कमी पडतंय' म्हणजे डोकी कमी आहेत, बास. तुमच्या पेपरचा सगळा जोर मात्र डोकी मोजण्यापलीकडे आहे. व्यवस्थापनाचा अभ्यासक बार्नी, त्याचा १९९१चा लेख असेलच सिलॅबसला, त्यात म्हटलंय की जे संसाधन मौल्यवान आहे, दुर्मीळ आहे, सहज नक्कल करता येत नाही आणि ज्याला पर्याय नाही त्यातूनच कंपनीला स्पर्धेत टिकाऊ आघाडी मिळते. हे माणसांना लावून बघा, मशीन प्रतिस्पर्धीही विकत घेतो, पण वर्षानुवर्षं एकत्र काम करून मुरलेली टीम कशी उचलून नेणार? हा मुद्दा 'बळ' मध्ये येत नाही, 'संसाधन' मध्ये येतो. माणसाला संसाधन म्हणणं कानाला टोचतं हे मान्य, पण ती तक्रार इंग्रजीतही आहेच.

घोंगडं:
हार्ड-सॉफ्टला कठोर-मृदू करू नका प्लीज. परीक्षेत लोक लिहून येतात की हार्ड म्हणजे कडक साहेब आणि सॉफ्ट म्हणजे प्रेमळ साहेब. तसं नाहीये ते. १९८४ साली एचआरची दोन मॉडेलं आली, मिशिगनचं ते हार्ड आणि हार्वर्डचं ते सॉफ्ट. मिशिगनवाल्यांचं (फॉम्ब्रुन, टिची, डेव्हाना) म्हणणं की निवड, मूल्यमापन, मोबदला, विकास ही साखळी धंद्याच्या उद्दिष्टाला घट्ट बांधा. हार्वर्डवाल्यांनी (बीअर आणि मंडळी) कर्मचारी, युनियन, समाज, सरकार असे सगळे हितसंबंधी आत घेतले आणि बांधिलकीवर भर दिला. म्हणून मी हार्डला 'हिशेबी' म्हणतो आणि सॉफ्टला 'बांधिलकीचा' दृष्टिकोन. हिशेबी कंपनी गोड बोलणारीही असू शकते, उलट बरेचदा असतेच!

टाचणी:
हिशेबी आवडलं, उचलतोय. फिटला सरळ 'मेळ' म्हणा. व्हर्टिकल म्हणजे उभा मेळ, धंद्याची व्यूहरचना आणि एचआर यांच्यातला. हॉरिझाँटल म्हणजे आडवा मेळ, एचआरच्याच पद्धतींचा आपसातला. आडवा बिघडतो तो असा: ट्रेनिंगला दोन दिवस सांगतात की टीमनं काम करा, माहिती एकमेकांना द्या, आणि वर्षअखेरीला बोनस मात्र ज्याचे त्याचे आकडे बघून. मग कोण कशाला आपला कस्टमर दुसऱ्याला सांगेल? दोन्ही पद्धती सुट्या बघितल्या तर चांगल्याच आहेत, एकत्र आल्या की एकमेकींचे पाय ओढतात.
उभ्या मेळासाठी शुलर आणि जॅक्सन यांचा १९८७चा लेख वाचा. नवनिर्मितीवर चालणाऱ्या कंपनीला धोका पत्करणारी, लांबचा विचार करणारी माणसं लागतात, खर्च कापून जगणारीला ठरलेलं काम ठरल्यासारखं करणारी. आता पहिल्या कंपनीत अप्रेझलच्या फॉर्मवर 'या तिमाहीतल्या चुका' असा रकाना ठेवला तर प्रयोग करणार कोण?

जुनीवही:
अरे वा हे लेक्चरपेक्षा बरं कळलं. पण मग 'स्ट्रॅटेजिक रिक्रूटमेंट', 'स्ट्रॅटेजिक ट्रेनिंग' असं सगळ्यालाच लावतात ते?

टाचणी:
ते बारसं आहे नुसतं. माझी कसोटी साधी, तुमच्या उत्तरातली कंपनी बदलून बघा. विमान कंपनीच्या जागी औषध कंपनी टाकली आणि उत्तरातलं एक वाक्यही बदलावं लागलं नाही, तर त्यात व्यूहात्मक काही नाही. पगार वेळेवर काढणं, रजा मांडणं ही कामं थांबली तर बोंब होईल, पण म्हणून ती स्ट्रॅटेजिक होत नाहीत.

घोंगडं:
सहमत, पण ही कसोटी बेस्ट प्रॅक्टिसवाल्यांना चालणार नाही. त्यांचं म्हणणंच हे की काही पद्धती कुठेही लावा, फायदाच. ह्यूसलिडचा १९९५चा अभ्यास ते पुढे करतात, चांगल्या पद्धतींचा संच असलेल्या कंपन्यांत लोक सोडून जाण्याचं प्रमाण कमी, उत्पादकता आणि नफा जास्त. त्यावर नेहमीचा आक्षेप असा की पैसा आहे म्हणून ट्रेनिंग परवडतं की ट्रेनिंगमुळे पैसा आला? परीक्षेत दोन्ही बाजू मांडा, मार्क तिथेच असतात.

जुनीवही:
ओके, वहीवर 'व्यूहात्मक मानव संसाधन व्यवस्थापन' लिहिलं. बोलताना मात्र एसएचआरएमच म्हणणार, एवढं लांब कोण बोलतंय. आता व्यवस्थापनाचा अभ्यासक मिंट्झबर्ग, त्याची इमर्जंट स्ट्रॅटेजी राहिली, आधी न ठरवता करता करता आकाराला येते ती. 'उदयोन्मुख' म्हटलं की नवोदित कवी आठवतो. कोणी सुचवा काहीतरी.

घोंगडं:
'घडत गेलेली'. आणि ठरवून केलेली ती 'आखलेली'.